कलामहर्षी बाबूराव पेंटर : पडद्यावरील बागेपासून

आपल्या मंडळाच्या वार्षिक स्मरणिकेत प्रतिवर्षी एका थोर पुरुषाचे चरित्र देण्याची प्रथा आहे. बहुधा ते चरित्र एखाद्या संताचे, समाजसुधारकाचे किंवा दानशूर गृहस्थाचे असते. यंदा आम्ही एका रंगाऱ्याचे चरित्र देत आहोत, आणि त्याला तसेच कारण घडले आहे. गेल्या वर्षीच्या बैठकीत शिष्यवृत्त्यांचा विषय निघाला असता, चित्रकला शिकू इच्छिणाऱ्या एका मुलाच्या अर्जावरून सभासदांत दोन तट पडले. यंत्रशास्त्र, वैद्यक, हिशेबशास्त्र यांसाठी मदत द्यावी, पण रंग आणि कुंचल्यांसाठी समाजाचा पैसा खर्च करू नये, असे एका पक्षाचे म्हणणे होते. दुसऱ्या पक्षाला ते मान्य नव्हते. परंतु त्या पक्षाजवळ सांगण्यासारखे उदाहरणही नव्हते. निर्णय पुढे ढकलला गेला. ते उदाहरण येथे मांडावे, एवढाच आमचा हेतू आहे. निर्णय सभासदांचा.

आमच्या शेळगावच्या बाजूला बाग हा शब्द उच्चारला की डोळ्यांसमोर डाळिंब येते, पेरू येतो, द्राक्षाचे मांडव येतात. नीरेच्या डाव्या कालव्याचे पाणी ज्या रानाला मिळाले ते बागाईत, आणि ज्याला मिळाले नाही ते जिराईत, असा आमचा साधा हिशेब. केवळ डोळ्यांना सुख व्हावे म्हणून आखलेली वाट, मधोमध कारंजे, दोन्ही अंगांना कातरलेली झुडपे, कडेने उंच सुरूंची रांग, संगमरवरी कठडा आणि त्यावर ओळीने मांडलेल्या फुलांच्या कुंड्या, अशी बाग आमच्या वडीलधाऱ्यांपैकी बहुतेकांनी प्रत्यक्ष पाहिली नव्हती. तरीही ती सर्वांच्या परिचयाची होती. जत्रेतील हौशी नाटकाच्या निमित्ताने भाड्याने आणलेल्या पडद्यांत ती असावयाचीच. राजवाडा, रस्ता, जंगल आणि बाग एवढे चार पडदे असले की कोणतेही नाटक उभे राही. त्या बागेत नायिका गात असे, खलपुरुष झाडाआड दडत असे, आणि बैलगाडीने आलेले प्रेक्षक घटकाभर त्या आखीव वाटेने मनाने फिरून येत. त्या कापडावर कोणाचा तरी हात फिरलेला आहे, त्या हाताने कोणापाशी तरी ते शिकून घेतलेले आहे, हा विचार मात्र क्वचितच कोणाच्या मनात येई.

मराठी रंगभूमीच्या वैभवकाळात ज्या हातांनी असे पडदे रंगविले, त्यांतील अग्रगण्य दोन जोड्या हात कोल्हापूरचे होते. एक आनंदराव मेस्त्री यांचे आणि दुसरे बाबूराव मेस्त्री यांचे. दोघे नात्याने बंधू होते, सख्खे नव्हेत. पण कामात सख्ख्यांहून जवळचे. पुढे धंद्यावरूनच दोघांना पेंटर हे उपनाव पडले व तेच रूढ झाले. हे आडनाव विलायती असले तरी ते धारण करणारे घराणे हत्यारावर पोट भरणाऱ्यांपैकी होते. मेस्त्री हे मूळचे आडनावच ते सांगते. आपल्या समाजात ज्या घरी करवत, वाकस आणि रंधा आहे, त्या प्रत्येक घराला बाबूरावांविषयी आपलेपणा वाटला तर नवल नाही.

बाबूराव कृष्णराव मेस्त्री यांचा जन्म कोल्हापूर येथे दि. ३ जून १८९० रोजी झाला. वडील कृष्णराव हे सुतारकामापासून कोरीवकाम व मूर्तिकामापर्यंत अनेक कसबांत निष्णात होते. मुलाला कोणत्याही कलाशाळेचे शिक्षण मिळाले नाही. मुंबईची सर जमशेटजी जीजीभाई कलाशाळा १८५७ पासून चालू होती, तिच्यातून नामवंत चित्रकार बाहेर पडत होते, परंतु बाबूरावांची शाळा म्हणजे घरचा ओटा. आकृती कशी बसवावी, लाकडात खोली कशी काढावी, मातीत चेहऱ्याची ठेवण कशी आणावी, हे त्यांनी वडिलांच्या हाताकडे पाहून उचलले. तेव्हा कोल्हापुरात शाहू छत्रपतींचे राज्य होते. गवई, मल्ल, नट, चित्रकार या साऱ्यांना त्या दरबारचा आश्रय होता. गुणी मुलाने दुसरीकडे कोठे न जाताही पुष्कळ पाहावे, अशी त्या नगरीची त्या काळची स्थिती होती.

त्याच नगरीत आबालाल रहिमान हे थोर निसर्गचित्रकार राहत होते. ते मुंबईच्या कलाशाळेत शिकलेले, शाहू महाराजांनी आश्रय दिलेले, आणि कोटीतीर्थाच्या काठी एखाद्या फकिरासारखे राहून रंकाळा, पंचगंगा व संध्यामठ यांची चित्रे काढणारे. त्यांच्या चित्रांत आखलेली रेघ म्हणून सापडावयाची नाही. पाण्यावरचा संध्याप्रकाश आणि भिजलेल्या दगडाचा रंग एवढ्यावर त्यांचे चित्र उभे राही. उलट पडदे रंगविणाऱ्याचे काम पहिल्यापासून शेवटपर्यंत रेघेवर चाले. निसर्गाकडे जाण्याच्या या दोन वाटा एकाच गावात, एकाच काळी चालू होत्या, हे ध्यानात ठेवावे. बाबूरावांची सुरुवात दुसऱ्या वाटेने झाली, तरी उतारवयातील त्यांच्या चित्रांकडे पाहता पहिल्या वाटेची ओढही त्यांच्या ठिकाणी होती असे आम्हांस वाटते.

१९१० ते १९१६ ही सहा-सात वर्षे आनंदराव आणि बाबूराव यांनी पडद्यांच्या कामात घालविली. संगीत मराठी नाटक मंडळ्यांसाठी आणि मुंबईच्या गुजराती-पारशी रंगभूमीसाठी त्यांनी पडदे रंगविले, आणि पश्चिम हिंदुस्थानात त्या कामात त्यांचा हात धरणारा कोणी उरला नाही. किर्लोस्कर मंडळी, केशवराव भोसल्यांची ललितकलादर्श, १९१३ पासून बालगंधर्वांची मंडळी, अशा एकीपेक्षा एक सरस संस्था तेव्हा गाजत होत्या. गायनासाठी लोक येत हे खरे. पण पडदा उघडताच जे दिसे त्यावरही मंडळीची पत ठरे. बागेचा पडदा नाही अशी मंडळी नव्हती. म्हणून या धंद्यात शिरणाऱ्या उमेदवाराची खरी परीक्षा बागेतच होई.

ही परीक्षा कोणती, हे थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे. कारण चित्रकला म्हणजे मोकळ्या वेळेचा छंद, असे मानणाऱ्यांनी ते वाचावे अशी आमची इच्छा आहे. जाड मांजरपाटाचे पट्टे जोडून वीस-पंचवीस फूट रुंदीचे कापड तयार करावयाचे. ते लाकडी चौकटीवर ताणावयाचे किंवा स्वच्छ जमिनीवर खिळवावयाचे. त्यावर सरस आणि खडूचा पातळ लेप द्यावयाचा, म्हणजे कापडाची छिद्रे बुजतात व रंग आत शोषला जात नाही. लेप जाड झाला तर गुंडाळताना त्याचे पोपडे निघतात, पातळ झाला तर रंग मरतो. सरस किती शिजवावा, पावसाळ्यात किती आणि उन्हाळ्यात किती, हे पुस्तकात वाचून येत नाही. आपल्यापैकी ज्यांनी सरसाचे भांडे चुलीवर ठेवलेले आहे, त्यांना हे वेगळे सांगावयास नको.

त्यानंतर आखणी. आखीव बागेची गंमत आणि अडचण अशी की, तिच्यातील प्रत्येक गोष्ट सरळ रेषेत असते. जंगलाच्या चित्रात एखादी फांदी इकडची तिकडे झाली तरी कोणाला कळत नाही. बागेच्या वाटेची कड बोटभर चुकली की सारी बाग कलंडलेली दिसते. म्हणून आधी डोळ्याच्या उंचीची आडवी रेघ ठरवावयाची. त्या रेघेवर एक बिंदू धरावयाचा. वाटेच्या दोन्ही कडा, ताटव्यांच्या ओळी, कठड्याचा माथा, सुरूंचे शेंडे आणि बुंधे यांना जोडणाऱ्या रेषा, हे सर्व त्याच बिंदूकडे धावले पाहिजे. पडदे रंगविणारे त्या बिंदूवर खिळा मारीत, खिळ्याला दोरी बांधीत, दोरीला कोळशाची किंवा गेरूची भुकटी चोळून ती ताणून झटका देत, की कापडावर सरळ रेघ उमटे. ही रीत आमच्या वाचकांना अनोळखी नाही. लाकडावर ओळंब्यात रेघ पाडण्यासाठी आपण जे सूत वापरतो तेच हे सूत. सुताराच्या घरी जन्मलेल्या मुलाला यथादर्शनाचा धडा निम्मा घरीच मिळालेला होता, असे म्हणावयास हरकत नाही.

दूरचे लहान आणि जवळचे मोठे एवढे कळले म्हणजे यथादर्शन आले, असे नवशिक्याला वाटते. प्रत्यक्षात एका मागोमाग एक उभी असलेली सुरूंची झाडे किती लहान होत जावीत, त्यांच्यातील अंतर किती आक्रसत जावे, याला हिशेब असतो. अंतर सारखेच ठेवले तर झाडे दूर जात नाहीत, नुसती ठेंगणी होतात. कारंज्याचा गोल हौद दुरून गोल दिसत नाही, चपटा लंबगोल दिसतो, आणि तो लंबगोल डोळ्याच्या रेघेच्या जितका जवळ तितका अधिक चपटा होतो. हौदातील प्रतिबिंबही मुळाची नक्कल नसते. उजेडाचा भाग पाण्यात थोडा काळवंडतो आणि काळोखाचा भाग थोडा उजळतो. झाडाचे पान अन् पान काढीत बसणे हा तर नवशिक्याचा ठरलेला दोष. सुरू म्हणजे कातलेला लाकडी शंकू, कातरलेले झुडूप म्हणजे गोळा, कुंपणाची हिरवी भिंत म्हणजे लांब ठोकळा, असे आधी मनात घडवावे, एका बाजूने उजेड आणि दुसऱ्या बाजूने सावली पाडावी, आणि पाने शेवटी, उजेडाच्या कडेला, चार ठिकाणी सुचवावीत. ज्याने घन वस्तू हाताने घडविली आहे त्याला हे लवकर उमजते. मूर्ती आणि चित्र या दोन्हींत बाबूरावांचा हात सारखा चाले, त्याचे एक बीज येथे आहे.

पुढची अडचण रंगाची. सरसातला रंग ओला असताना गडद दिसतो आणि वाळल्यावर फिका पडतो. म्हणजे रंगारी जे पाहतो ते खरे नव्हे. उद्या सकाळी जे दिसेल ते त्याला आज डोळ्यांपुढे आणावे लागते. शिवाय तो काम करतो दिवसा, आणि पडदा पाहिला जातो रात्री, किटसनच्या बत्त्यांत. पिवळट उजेडात निळा काळवंडतो, हिरवा मळतो. दिवसा टवटवीत दिसणारी बाग रात्री कोळशाची वखार दिसू नये म्हणून हिरव्यात पिवळा सढळ हाताने घालावा लागे, आणि सावलीसाठी काळा न वापरता निळा-जांभळा योजावा लागे. आणखी एक मर्यादा होती, ती नटांची. पडद्यावरच्या दूरच्या कठड्यापाशी जिवंत नट जाऊन उभा राहिला की तो कठड्याच्या दुप्पट उंच दिसे आणि सारी माया क्षणात फिटे. म्हणून नटाने पुढेच वावरावे असा दंडक असे. तो दंडक मोडणारे नट असतच, आणि रंगाऱ्याचा संताप प्रेक्षकांना कधी कळत नसे.

या कामात सहा वर्षे घालविलेला मनुष्य तैलरंगाकडे वळतो तेव्हा त्याला काय मिळते आणि काय टाकावे लागते, हे पाहण्यासारखे आहे. तैलरंग जवसाच्या तेलात घोटलेला असतो. तो लवकर वाळत नाही. काल लावलेल्या आकाशात आज क्षितिजाजवळची धूसरता मिसळता येते. दोन रंगांची कड बोटाने किंवा कोरड्या कुंचल्याने विरघळवता येते. वाळल्यावर तो सरसाच्या रंगासारखा फिका पडत नाही. पण त्याचे म्हणून नियम आहेत. खालचा थर टर्पेंटाईनने पातळ केलेला आणि वरचा थर तेलाने पुष्ट, हा क्रम उलटला तर काही वर्षांनी चित्राला भेगा पडतात. पडद्यावर शंभर पावलांवरून पाहणाऱ्याला पटेल असा फटकारा मारावयाचा असतो. तैलचित्र दोन हातांवरून पाहिले जाते. तेथे दूरची झाडे निळसर, करडी आणि मऊ कडांची, जवळची उष्ण रंगांची आणि ठसठशीत, ही उतरंड फार नाजूक हाताने सांभाळावी लागते. हिरवा रंग नळीतून काढून जसाच्या तसा लावला तर बाग कच्ची दिसते. त्यात थोडा तांबडा मिसळून त्याचे तेज उतरवावे लागते, तेव्हा कोठे उन्हातले झाड उन्हात उभे राहते. बाबूरावांनी हे सर्व कोणा प्राध्यापकापाशी न शिकता, स्वतः करून, बिघडवून आणि पुन्हा करून आत्मसात केले. तैलरंगातील व्यक्तिचित्रांत आणि पौराणिक विषयांवरील चित्रांत त्यांनी जे नाव मिळविले ते कलाशाळेतील पदवीधरांच्या बरोबरीचे होते. राजा रविवर्म्याच्या शिळाछापांनी तोवर घरोघर देवदेवतांना महाल, उपवने व जलाशय यांच्या पार्श्वभूमीवर बसविले होते. लोकांच्या डोळ्यांना त्या तऱ्हेची गोडी लागलेलीच होती.

या सहा वर्षांत ही दोन भावंडे केवळ पडद्यांत गुंतलेली नव्हती. १९१३ साली दादासाहेब फाळक्यांचा राजा हरिश्चंद्र लोकांपुढे आला आणि दोघांनाही चलत्चित्रांचे वेड लागले. ज्यांनी इतकी वर्षे कापडावर खोटी खोली निर्माण केली, त्यांना हलत्या चित्राचे आकर्षण वाटावे हे स्वाभाविकच होते. विलायती कॅमेरा विकत घेण्याची ऐपत नव्हती. त्यांनी मुंबईच्या चोरबाजारातून एक जुना प्रक्षेपक मिळविला आणि त्याच्यावरून स्वतःच कॅमेरा घडविण्याचा घाट घातला. ते काम पुरे होण्यापूर्वीच, १९१६ साली, आनंदरावांचा मृत्यू झाला.

पुष्कळ चरित्रकार या ठिकाणी एक ओळ लिहून पुढे जातात. आम्हांस तसे करवत नाही. धंदा दोघांचा, हात दोघांचे, स्वप्न दोघांचे, आणि त्यांतला वडील हात अर्ध्या कामावर गेला. बाबूरावांचे वय तेव्हा सव्वीस. पडद्यांच्या कामात नाव झालेले होते. तेच काम करीत राहिले असते तर सुखाने पोट चालले असते. बहुतेक घरांतून असाच सल्ला मिळतो. त्यांनी कॅमेरा सोडला नाही. पडद्यांच्या कामात उमेदवारी केलेले विष्णुपंत दामले यांना हाताशी धरून त्यांनी सुटे भाग घडविले, घासले, बसविले, आणि १९१८ साली चालू स्थितीतील कॅमेरा उभा केला. या साऱ्या उद्योगाला कोल्हापूरच्या गायिका तानीबाई कागलकर यांनी द्रव्यसाह्य केले. प्रतिष्ठित म्हणविणाऱ्या सावकारांनी जे धाडस केले नाही ते एका कलावंतिणीने केले, ही गोष्ट आपल्या मंडळाने विशेष ध्यानात ठेवण्यासारखी आहे. अशा रीतीने महाराष्ट्र फिल्म कंपनी कोल्हापुरात उभी राहिली.

आता आम्हांस जे मुख्यतः सांगावयाचे आहे त्याकडे येतो. ज्याची सारी कीर्ती रंगविलेल्या बागांवर उभी होती, त्यानेच चित्रपटातून रंगविलेली बाग हद्दपार केली. त्या वेळच्या चित्रपटांत नाटकाप्रमाणेच मागे पडदा टांगून काम भागविण्याची रीत होती. परंतु कॅमेऱ्याचा डोळा जत्रेतल्या प्रेक्षकासारखा भोळा नसतो. चित्रीकरण उघड्या मांडवात सूर्यप्रकाशात चाले. पडद्यावरील झाडाची सावली रंगाऱ्याने जेथे पाडली तेथेच राही, आणि पुढे उभ्या असलेल्या नटाची सावली सूर्याबरोबर सरकत जाई. वाऱ्याची झुळूक आली की संगमरवरी कठडा हेलकावे खाई. नट मागे सरकला की त्याची सावली थेट आकाशावर पडे. त्यातच त्या काळची फिल्म तांबडा रंग काळा दाखवी आणि निळा पांढरा. तेव्हा हिरव्या-तांबड्या रंगांतील जो मेळ साधण्यात वर्षे गेली, तो तेथे मातीमोल होता.

पडद्याचे हे दोष ज्याला दिसले तो पडद्यांचा सर्वांत मोठा जाणकार होता. दुसऱ्या कोणी ते काढले असते तर त्यात मत्सराचा वास आला असता. बाबूरावांनी पडदे बाजूला ठेवले आणि लाकूड, बांबू, कापड, माती व चुना यांतून खांब, महिरपी, जिने, गवाक्षे प्रत्यक्ष उभी केली. नट त्यांच्याआड जाऊ शकत, त्यांना टेकू शकत. रेघेने निर्माण केलेली खोटी खोली त्यांनी सोडली आणि सुताराच्या खऱ्या खोलीकडे ते परत आले. चित्रकाराची शिस्त मात्र सोडली नाही. प्रत्येक दृश्य चित्रित करण्यापूर्वी ते कागदावर रेखाटीत. पात्रांची वेशभूषा, उभे राहण्याची जागा, उजेडाची दिशा, सर्व आधी चित्रात ठरे. बागेच्या पडद्यात उजेड एकाच बाजूने आला पाहिजे, हा पहिला धडा त्यांनी येथे नव्याने गिरविला.

सैरंध्री हा त्यांचा पहिला चित्रपट १९२० साली पुण्याच्या आर्यन चित्रगृहात प्रथम दाखविण्यात आला. त्यातील कीचकवधाचे दृश्य इतके हुबेहूब उतरले होते की त्यावर काटछाट करावी लागली. लोकमान्य टिळकांनी बाबूरावांना सिनेमा केसरी ही पदवी दिली. १९२३ च्या सिंहगडमध्ये त्यांनी कृत्रिम दिव्यांच्या साह्याने रात्रीची दृश्ये घेतली. १९२४ च्या कल्याण खजिन्याला लंडनच्या वेंब्ले प्रदर्शनात पदक मिळाले. चित्रपटांची जाहिरातचित्रे ते स्वतः रंगवीत. १९२५ साली आलेला सावकारी पाश या सर्वांहून निराळा. हरी नारायण आपट्यांच्या कथेवरील या चित्रपटात ना महाल, ना उपवन. कर्जापायी जमीन गमावून शहराकडे जाणारा शेतकरी, त्याची काळोखी झोपडी आणि बाहेर केकाटणारे कुत्रे. शेतकऱ्याचे काम शांताराम वणकुद्रे या तरुणाने केले होते. वीस-बावीस वर्षांचे असल्यापासून ज्यांनी कारंजी आणि गुलाबांचे ताटवे रंगविले, त्यांनी अखेर कॅमेरा वळविला तो जिराईत रानाकडे. आमच्या इंदापूर-बारामतीकडील माणसाला त्या चित्रपटाचे मोल वेगळे सांगावे लागू नये. दुर्दैवाने त्या मूकपटाची प्रत आज उपलब्ध नाही. सैरंध्रीही काळाच्या उदरात गेला. कंपनीच्या साऱ्या चित्रपटांपैकी फारच थोडे तुकडे शिल्लक आहेत.

बाबूरावांच्या हाताखाली जी मुले आली ती उमेदवार म्हणून आली. झाडलोट करणे, रंग घोटणे, सामान वाहणे, मग हळूहळू कॅमेऱ्याला हात लावणे, अशी चढण होती. कागलचे फत्तेलाल हेही दामल्यांप्रमाणे आधी चित्रकलेसाठी आले होते. १९२९ साली दामले, फत्तेलाल, शांताराम, धायबर ही मंडळी बाहेर पडली आणि त्यांनी प्रभात कंपनी काढली. गुरूला हा घाव जिव्हारी लागला असणार; महाराष्ट्र फिल्म कंपनी त्यानंतर फार दिवस चालली नाही. शिष्यांनी कृतघ्नपणा केला असे म्हणणारे होते, आणि गुरूंचे कामावरील चित्त व व्यवहार यांचा मेळ नव्हता असेही म्हणणारे होते. हत्यारावरच्या धंद्यात असे प्रसंग घरोघर येतात, तेव्हा त्याचा निवाडा आम्ही करीत नाही. एवढे मात्र सांगतो : १९३६ साली दामले-फत्तेलाल या जोडीने संत तुकाराम काढला आणि पुढल्याच वर्षी तो व्हेनिसच्या उत्सवात गौरविला गेला. आषाढात तुकोबांची पालखी अंथुर्णे-निमगाव केतकीच्या वाटेने आमच्या भागातून जाते. त्या वाटेवर ज्या पिढीने तुकोबांचा चेहरा विष्णुपंत पागनीसांच्या रूपात मनात साठविला, तिच्यापर्यंत तो चेहरा पोहोचविणारे दोघेही पडदे रंगविणाऱ्यांच्या ओट्यावर घडलेले होते.

बोलपट आले तेव्हा बाबूरावांनी त्यांतही हात घातला. १९३५ चा उषा, १९३७ चा प्रतिभा, आणि १९४७ साली शांतारामांच्या संस्थेसाठी त्यांच्यासमवेत दिग्दर्शित केलेला लोकशाहीर रामजोशी हे त्यांतले ठळक. गुरु-शिष्य पुन्हा एका कामावर आले, हे वाचून वाचकांना समाधान वाटेल, आम्हांसही वाटले. तथापि पहिल्या तेजाचे दिवस मूकपटांबरोबरच संपले होते. त्यांचे मन पुन्हा रंग आणि मातीकडे ओढ घेत होते. कोल्हापूरच्या शिवाजी चौकातील शिवछत्रपतींचा पुतळा १९४५ साली त्यांच्या हातून घडला. तैलरंगातील जलवाहिनीसारख्या चित्रांत एक निराळाच बाबूराव भेटतो. येथे आखलेली वाट नाही, बिंदूकडे धावणारी रेघ नाही. मंद, धूसर उजेडात आकृती जणू विरघळते आहे, आणि तिच्या मागचा प्रदेश नुसता सुचविलेला आहे. ज्याने सुताच्या दोरीने बागा आखल्या त्यानेच शेवटी कड पुसून टाकावी, हे आम्हांस फार मोठे वाटते. परंतु आधी आखावयास शिकल्यावाचून असे पुसता येत नाही, ही गोष्ट अर्जदार मुलाने आणि त्याच्या पालकांनी, दोघांनीही लक्षात घ्यावी.

दि. १६ जानेवारी १९५४ रोजी कोल्हापूर येथे बाबूरावांचे देहावसान झाले. लोक त्यांना कलामहर्षी म्हणतात. त्यांनी आणि आनंदरावांनी रंगविलेल्या पडद्यांचे आयुष्य मुळातच अल्प. बैलगाडीतून आणि आगगाडीतून गावोगाव फिरलेले, शेकडो वेळा गुंडाळलेले, ओल लागलेले, किटसनच्या धुराने काळवंडलेले कापड किती दिवस टिकावे ? शाहू महाराजांच्या कारकीर्दीत १९१५ साली कोल्हापुरात उभे राहिलेले आणि पुढे केशवराव भोसल्यांच्या नावाने ओळखले गेलेले नाट्यगृहदेखील ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री आगीच्या भक्ष्यस्थानी पडले. कोल्हापुरात खरी कॉर्नरला महाराष्ट्र फिल्म कंपनीची आठवण म्हणून कॅमेऱ्याचे स्मारक उभारलेले आहे. जाणारे-येणारे त्याकडे पाहतात. त्या कॅमेऱ्याशेजारी एखादा कुंचला आणि गेरूने माखलेली सुताची गुंडी दाखविली असती, तर आमच्या मते ते स्मारक अधिक पुरे झाले असते.

सदर अर्ज मंडळाच्या येत्या बैठकीपुढे पुन्हा ठेवण्यात येणार आहे. सभासदांनी अगत्याने उपस्थित राहावे.